पत्र्यावरची माती

लग्नाआधी तिने मला एकच अट घातली होती: झोपायचं ते पत्र्याखाली. मानपान नको, दागिने नकोत. डोक्यावर पत्रा हवा, माती नको आणि स्लॅबही नको. मी तिकडून लांबच्या बिलोली तालुक्यातला, मला ते विचित्र वाटलं. पण ती कुठल्या गावची आहे हे ठाऊक होतं, म्हणून कारण विचारलं नाही. तिनेच मग तीन वाक्यांत सांगितलं. भूकंप झाला तेव्हा ती बारा वर्षांची होती. घर पडलं त्यात सहा वर्षांची धाकटी बहीण गेली. तिला स्वतःला संध्याकाळी जवानांनी बाहेर काढलं. त्यानंतर बावीस वर्षांच्या संसारात हा विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही.

निलंग्यात घर बांधलं तेव्हा मी अट पाळली. मागच्या दोन खोल्यांना स्लॅब, पुढच्या खोलीला पत्रा, आणि तिची खाट बारा महिने त्या पुढच्या खोलीत, दाराला लागून. वैशाखात तो पत्रा असा तापायचा की आमची मुलगी लहानपणी आईच्या कुशीतून उठून माझ्याकडे स्लॅबखाली यायची. ती मात्र तिथून हलायची नाही. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. ती अंगणवाडीत जाते आणि दुपारी एकपर्यंत घरी येते. मुलगी आता नांदेडला शिकायला असते.

घरामागे आमची छोटी बाग आहे: पेरू, लिंबू, शेवगा, दोन-चार वाफे. बागेच्या टोकाला एक शेड, लोखंडी अँगल आणि पत्र्याचं. त्यात फावडी, खुरपी, फवारणीचा पंप, खताची पोती, बियाणं. उन्हाळ्यात आत पाऊल ठेवलं की श्वास कोंडायचा. बियाणं खराब व्हायचं, पाण्याचे पाइप वाकडे व्हायचे. एका वर्षी उत्तरपत्रिका तपासायला नांदेडला गेलो असताना एका सहकाऱ्याच्या बागेत मी शेडच्या छपरावर गवत उगवलेलं पाहिलं. लावलेलं, मुद्दाम. आत गेलो तर माठाजवळ बसल्यासारखा गारवा. तेव्हाच ठरवलं, आपणही करायचं.

घरी येऊन तिला सांगितलं. ती मेथी निवडत होती.

"मागच्या शेडवर माती टाकणार?" तिने विचारलं.

मी हो म्हणालो.

"करा," ती म्हणाली आणि निवडत राहिली.

शेड म्हणजे काही घर नव्हे, तिथे कुणी झोपत नाही, असं मी धरून चाललो होतो. तिच्याकडे जरा नीट बघायला हवं होतं, हे आता कळतं.

चैत्रात काम सुरू केलं. वेल्डरकडून खाली चार जादा खांब आणि आडवे अँगल मारून घेतले. ओली माती किती जड होते हे मला माहीत होतं, म्हणून सहा माणसांना पत्र्यावर उभं करून पाहिलं. छप्पर हललं नाही. पत्र्यावर शेततळ्यात अंथरतात तो जाड प्लास्टिकचा कागद, त्यावर जुनी बारदानं, त्यावर खडीचा थर. कडेला विटा, आणि पाणी जायला उताराच्या बाजूला पाइप. राहिली माती. आमच्याकडची काळी माती छपरावर चालत नाही. ती पाणी पिऊन फुगते, वाळली की हातभर भेगा पडतात. पूर्वी माळवदाच्या घरांवर, त्या सपाट मातीच्या छपरांवर, पांढरी माती टाकायचे ती हलकी, पाणी सोडून देणारी. एका ट्रॅक्टरवाल्याला सांगितलं आणि त्याने एक ट्रॉली आणून बागेत ओतली.

ती अंगणवाडीतून आली तेव्हा ट्रॅक्टरवाला निघायच्या तयारीत होता. तिने ढिगात हात घातला, मूठ नाकाशी नेली.

"कुठली आणली?" तिने त्याला विचारलं.

"औशाकडून. जुनं गावठाण हाय एक. आता तिथं कुणी ऱ्हात न्हाई."

कुठलं गावठाण, हे तिने विचारलं नाही. तोही बोलला नाही. पडलेली गावं त्या भागात एक-दोन नाहीत, बरीच आहेत. ती माती कुठल्या घराची होती हे मला आजही माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी तिने चाळण मागितली. तीन दुपारी ढिगाजवळ बसून तिने ती सगळी ट्रॉली एकटीने चाळली. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाली, खडे मुळांना लागतात. चाळणीत खापरं राहिली, राखेचे गोळे, चुन्याचे पापुद्रे, हिरव्या बांगडीचे तुकडे, एक शर्टाचं बटण, पितळी झाकण. खापरं तिने कडेला टाकली. बाकीचं सगळं एका फडक्यात बांधून पेरूच्या बुंध्याशी पुरलं. मी ते पाहिलं. तिची नखं त्या मातीने पांढरी झाली होती आणि आठवडाभर तशीच होती.

वीतभर जाडीचा थर झाला. त्यात मी चिनी गुलाबाच्या काड्या खोचल्या, कोरफडीची पिल्लं लावली, कडेने हराळी. पावसाळ्यात सगळं धरलं. पण आषाढ संपता संपता त्यातून काहीतरी वेगळंच वर आलं. दाट, लालसर देठाचं, रांगेने नव्हे तर एका कोपऱ्यात घोळक्याने. तांदुळजा होता. मी लावला नव्हता. त्याचं बी मातीत वर्षानुवर्षं पडून राहतं आणि उजेड लागला की उगवतं, हे मी दरवर्षी मुलांना शिकवतो. कुणाच्या तरी घरामागे, मोरीच्या पाण्यावर तो वाढला असेल, आणि मग ते घर पडलं असेल. फळ्यावर हे सांगताना कधी काही वाटलं नव्हतं.

एका सकाळी तिने तो खुडून आणायला सांगितलं. लसूण घालून भाजी केली, माझ्या ताटात वाढली. स्वतःही घेतली. ती जेवली. मला दुसरा घास गेला नाही.

त्याच सुमारास शेजारच्या बाईंनी मला कुंपणावरून हाक मारली. म्हणाल्या, "सर, दुपारचं तुमच्या मागं कोण ठोकून राहिलंय?"

मी सांगितलं की पत्रा तापतो, आकसतो, त्याचा आवाज होतो.

"तीन-तीन वेळा तापतोय का?" त्या म्हणाल्या, आणि कपडे वाळत घालायला वळल्या.

दुपारी मी कॉलेजात असतो. मी ते मनावर घेतलं नाही. पण मग बारीकसारीक गोष्टी दिसू लागल्या. भिंतीतल्या देवळीतल्या तिच्या पितळी तांब्याला पोचा पडला होता, एका अंगाने, जिथे सहसा मार लागत नाही. तिच्या केसांत वरच्या बाजूला कधी कोळ्याचं जाळं असायचं. कधी पाठीवर खताच्या पोत्याची भुकटी. विचारलं तर म्हणायची, बागेत होते.

श्रावणात पावसाने ओढ दिली होती. रविवार होता, दुपारचे दोन वाजले असतील. आमच्याकडे त्या वेळी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. लोक जेवून आडवे झालेले, कुत्रीसुद्धा गाड्यांखाली. मी शिडी लावून छपरावरचं गवत उपटत होतो. पोटावर झोपून, डावा हात मातीवर टेकवून. माती वरून कोरडी होती, कोमट होती.

तळहाताखाली काहीतरी लागलं. आवाज म्हणवत नाही, आधी तो हातालाच कळला. टक, टक, टक. मग थांबला. मी हात उचलला नाही. पुन्हा टक, टक, टक. मातीच्या आतून, अगदी माझ्या हाताच्या खालून. मी कान मातीला लावला. खडीतून, बारदानातून गाळून आल्यासारखा तो आवाज येत होता. लांबून नाही, खोलातून. तिसऱ्यांदा आला तेव्हा मी शिडीवरून उतरलो, दोन पायऱ्या चुकवून.

शेडचं दार लोटलेलं होतं. उघडलं तर आत गार अंधार. ती खताच्या पोत्यावर बसली होती, गुडघे छातीशी, डोकं तिरकं, जणू वर जागाच नव्हती. हातात तांब्या.

"ऐकू आलं का?" तिने विचारलं.

मी म्हणालो, आलं.

"कितीदा?"

"तीनदा. तीन-तीन."

तिने मान हलवली. चेहऱ्यावर भीती नव्हती. पेपर तपासून मार्क मांडणाऱ्या माणसाचा चेहरा असतो, तसा होता.

मग ती बोलली. दाराच्या उजेडात मी फरशीवर बसलो आणि ती पोत्यावरच. त्यांच्या गावात बौद्ध वस्तीतली बहुतेक घरं कुडाची आणि पत्र्याची होती. ती त्या पहाटे कलंडली, पण त्यांतली माणसं उठून बाहेर आली. तिचे वडील पोस्टात होते. पगार होता, म्हणून त्यांनी दगडामातीच्या भिंतींचं, माळवदाचं घर बांधलं होतं. वस्तीत तसली दोनच घरं, त्यांचं आणि लागून काकांचं. आईवडील आदल्या दिवशी लातूरला गेले होते. दोघी बहिणी आत होत्या. माळवद बसलं तेव्हा एक तुळई आडवी अडकली आणि तिच्याखाली दोघींपुरती जागा राहिली. धाकटीचा हात हिच्या हातात होता. दुसऱ्या हाताला तांब्या लागला. ती वाजवत राहिली. वर माणसं चाललेली कळत होती, माती सांडत होती. धाकटी बराच वेळ बोलत होती. मग नाही.

"काका वरच होते," ती म्हणाली. "त्यांचा आवाज मला यायचा. नंतर त्यांनी सगळ्यांना सांगितलं, आतून काहीच आवाज आला न्हाई म्हणून. मी तेव्हापासून त्यांच्याशी बोलले नाही. मला फक्त बघायचं होतं, मातीतून वर आवाज जातो का."

मी म्हणालो, उद्याच माणसं लावून ती माती काढून टाकतो. मला स्वतःची शरम वाटत होती.

"आता नको," ती म्हणाली. "अजून ओली बघायची हाय."

त्यानंतरचा महिना मी विसरणार नाही. रविवारी दुपारी ती आत जायची, दार लोटायला लावायची, मी वर कान लावून पडायचो. कोरड्या मातीत येतो. झारीने भिजवलेल्या मातीत अर्धवट येतो, तिनांतले दोन. मी जीवशास्त्राचा माणूस, पण त्या शिडीवर माझं शास्त्र सुटून जायचं. खालून येणारी ठोक माझ्या बायकोची आहे हे माहीत असूनही दर वेळी वाटायचं, खाली दुसरं कुणी आहे. एकदा तर तीन ठोक्यांनंतर मला चौथा ऐकू आला, हलका, बाजूच्या कोपऱ्यातून, जिथे तांदुळजा उगवला होता. मी तिला सांगितलं नाही. पत्राच असेल.

गणपती बसले आणि पाऊस आला. तीन दिवस झड. माती गच्च झाली, पाइपातून गढूळ पाणी वाहत राहिलं. उघडीप मिळाल्यावर ती आत गेली. मी वर चिखलात गाल टेकवून पडलो. वाट पाहिली. काही नाही. अंगाखाली गार, मुकी माती. खरंच काही नाही. शेवटी मीच खाली जाऊन विचारलं, वाजवलं नाही का.

"शंभरदा वाजवलं," ती म्हणाली. तांब्याला नवा पोचा होता. ती बाहेर आली, हौदावर हातपाय धुतले आणि म्हणाली, त्या दिवशी पण माती ओली होती, आपल्या तोंडात चिखल गेला होता. म्हणजे काका खोटं बोलले नव्हते. तीस वर्षं तिने एका म्हाताऱ्याला फुकट शिक्षा दिली होती.

पुढच्या रविवारी आम्ही एसटीने तिच्या नव्या गावाला गेलो. भूकंपानंतर वसवलेलं गाव, सरळ रेषेत घरं, सगळी सारखी. तिला काकांचं घर विचारत शोधावं लागलं. काका बाहेर बाजेवर बसले होते, एकटे. काकू मागेच वारल्या होत्या. त्यांनी तिला लगेच ओळखलं. "ये माय," म्हणाले आणि स्वतः चहा ठेवायला उठले. तिने त्यांना उठू दिलं नाही. तिथेच जमिनीवर बसून तिने सगळं सांगितलं: शेड, माती, तांब्या, कोरडं आणि ओलं. ओल्या मातीतून आवाज वर येत नाही, हे आम्ही पाहिलंय म्हणाली. "माझं चुकलं, काका."

काकांनी आपल्या पायांकडे पाहिलं.

"आलता," ते म्हणाले.

तिला कळलं नाही. मलाही.

"आवाज आलता, माय. मी ऐकला. तीन-तीन. कोपऱ्याला मातीच नव्हती, फट होती, तिथून आला."

मग त्यांनी सांगितलं. दोन घरांत एकच भिंत होती. या बाजूला दोघी पुतण्या, त्या बाजूला त्यांचा स्वतःचा मुलगा, आठ वर्षांचा. पुतण्यांच्या बाजूने ठोकल्याचा आवाज येत होता. मुलाच्या बाजूने काही नाही. हाताशी एक कुदळ आणि ते एकटे. गावात प्रत्येकजण आपापल्या ढिगावर. "वाजवतंय त्याचा जीव हाय, त्याला टाइम हाय, असं वाटलं. जे गप हाय त्याचीच भीती वाटून राहिली. म्हणून तिकडं खणलं." दुपारी मुलगा हाताला लागला. तो पहाटेच गेला होता. तोवर इकडचा आवाजही थांबला होता. "मग कोणत्या तोंडानं सांगू, ऐकलं म्हणून?"

चहा तिनेच केला, तिघांनी घेतला. निघताना ती त्यांच्या पाया पडली नाही. एसटीत खिडकीशी बसून तिने निलंगा येईपर्यंत एकच वाक्य उच्चारलं. "मला वाटायचं, कुणी ऐकलंच न्हाई."

ती रागात होती की हलकी झाली होती, मला सांगता येणार नाही. दोन दिवस ती नीट जेवली नाही. शेडमध्ये जाणं बंद केलं. तांब्या घासून पुन्हा देवळीत ठेवला. मीच दुपारी कधी घरी असलो तर कान देऊन बसायचो.

माघात काका आले. निलंग्यात डोळे दाखवायला आलो म्हणाले, पण हातात कागद नव्हता. पाणी प्यायले आणि ते शेड बघायचं म्हणाले. बागेत जाऊन त्यांनी छपराकडे पाहिलं. वर वाळलेल्या काड्या, पिवळं गवत, पांढरी भेगाळ माती. हात उंचावून कडेची चिमूटभर माती घेतली, बोटांत चुरली.

"मी आत बसतो," ते तिला म्हणाले. "कडी लाव. तू वर जा. तांब्या दे मला."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी नको म्हणालो, वयाचं कारण सांगितलं. ती घरात गेली आणि तांब्या घेऊन आली. काका वाकून आत शिरले. कडी मी लावली. ती शिडीवर चढली, आजवर ती एकदाही वर गेली नव्हती, आणि मातीवर पालथी पडून तिने कान टेकवला. खालून मला तिचे केस आणि एक पंजा तेवढा दिसत होता, बोटं मातीत रुतवलेली.

आतून ठोक आली. तीन. मग तीन. मी दाराशी होतो, मला पत्र्यावरून लख्ख ऐकू येत होती. ठोक चालू राहिली. पाच मिनिटं, दहा मिनिटं, मी मोजत नव्हतो. ठोके अनियमित होत गेले, तिनाचे दोन झाले. आतून धापेचा आवाज येऊ लागला. मी कडीला हात घातला आणि वर बघून विचारलं, उघडू का. तिने पंजा उचलून थांबा अशी खूण केली. मला तेव्हा तिची भीती वाटली. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

मग ठोक थांबली. बागेत काही हलत नव्हतं. ती तशीच पडून. मी मनात आकडे म्हणत होतो, चाळीसच्या पुढे गेलो.

"काढा त्यांना बाहेर," ती वरून म्हणाली.

मी कडी काढली. काका पोत्यावर घामाने भिजून बसले होते, माघाच्या थंडीत. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ती खाली उतरली, गालाला पांढरी माती लागलेली, आणि त्यांचा हात धरून त्यांना उजेडात आणलं.

"लई वेळ लागला गं माय," ते म्हणाले.

"हाव," तिने मान डोलावली.

त्यांनी आमच्याकडे भाकरी खाल्ली, उन्हात जरा पडले, आणि चारच्या गाडीने गेले. त्यानंतर आले नाहीत. गुडघे चालू देत नाहीत. महिन्याकाठी त्यांचा फोन येतो. ती घेते, जास्त बोलत नाही, पण ठेवायची घाईही करत नाही. परवा त्यांनी विचारलं, वर यंदा काय उगवलं. ती मागच्या दारात उभी राहून शेडच्या छपराकडे बघत म्हणाली, "अजून काही न्हाई, काका. नुसती माती हाय. पाणी घालून राहिलो."